सव्वीस वर्षांच्या पोनीवर स्वारी: किती, कशी आणि कधी थांबायचं

फाटकापासून वाळल्या गवताच्या जाळीपर्यंत वीस पावलं आहेत. रोज सकाळी सातला हेदर ती चालत येते, तेव्हा मी टॉर्च खाली धरून तिच्या टापा ऐकते. चारही टापा एकसारख्या वाजल्या तर आज खोगीर चढेल. मागचा उजवा खूर घासत आला, किंवा पहिली सात-आठ पावलं आखडून पडली, तर आज कुणी बसायचं नाही, दोर धरून नुसतं फिरवून आणायचं. वीस पावलं संपली तरी आखडलेपण गेलं नाही, तर फिरवणंही बंद. मग चहा बाजूला ठेवून वहीत शोधायचं, की काल नेमकं काय जास्त झालं.

हेदर फेल जातीची घोडी आहे, उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगरांतली. काळी कुळकुळीत, उंची १३.२ हॅण्ड म्हणजे साधारण १३७ सेंटिमीटर, वजन ३६० किलो, वय २६. आमच्याकडे आली तेव्हा ती १५ वर्षांची होती आणि तबेल्यावरच्या जाणत्या माणसांनी मला सांगितलं होतं, "दोन-तीन वर्षं मिळतील, नंतर कुरणात सोडा." त्याला आता अकरा वर्षं झाली. आठवड्यातून चार दिवस अजून तिच्यावर स्वारी होते. इंग्लंडमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला हल्ली सारखा एकच प्रश्न येतो: लेकीसाठी अठरा वर्षांची पोनी मिळतेय, घेऊ का? किती वर्षं बसता येईल? त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि ज्यांची पोनी डोळ्यांदेखत म्हातारी होतेय त्यांच्यासाठीही.

आकडाच हवा असेल तर सांगते. फेल, डेल्स, हायलँड, एक्समूर, डार्टमूर, न्यू फॉरेस्ट, वेल्श, शेटलंड आणि आयर्लंडची कनेमारा, या इथल्या देशी जाती काटक. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर, पावसा-वाऱ्यात, निकस गवतावर जगलेल्या. तिशी गाठणारी पोनी इथे नवलाची नाही. ससेक्समधला शुगर पफ नावाचा शेटलंड-एक्समूर संकराचा पोनी तर २००७ साली ५६ वर्षांचा होऊन गेला. तो अपवादच, पण मातीची जात कळते. स्पर्धांमध्ये पंधराव्या वर्षापासून 'वेटरन', म्हणजे वयस्क म्हणतात, त्याने घाबरून जाऊ नका. २०२० साली राणी एलिझाबेथ चौऱ्याण्णवाव्या वर्षी विंडसरला बाल्मोरल फर्न नावाच्या फेल पोनीवर बसलेल्या फोटोत दिसल्या. फर्न तेव्हा १४ वर्षांची होती, म्हणजे फेलच्या हिशोबाने ऐन उमेदीत. निरोगी देशी पोनी विशीपर्यंत बहुतेक सगळं काम करते. वीस ते पंचवीसमध्ये उड्या आणि लांबच्या भरधाव दौडी कमी करायच्या. पंचविशीनंतर हलकी स्वारी, आणि तीही रोजच्या रोज तपासून.

पण अठरा वर्षांची एखादी पोनी थकलेली असते आणि सव्वीसची एखादी खणखणीत. विकत घेताना पासपोर्टवरचं, म्हणजे पोनीच्या ओळखपत्रावरचं वय बघा, तेवढ्यावर थांबू नका. तिला आज नेहमीचं काम करायला सांगा आणि उद्या सकाळी पुन्हा बघायला जा. काम करताना म्हातारी पोनी आनंदाने सगळं करते, अंग गरम झालं की दुखणं लपतं. खरं काय ते दुसऱ्या दिवशी, रात्रभर थंड झालेल्या सांध्यांवर टाकलेल्या पहिल्या पावलांत दिसतं. विकणारा दुसऱ्या दिवशी येऊ देत नसेल तर मी ती पोनी घेणार नाही.

सकाळची तपासणी

मला सहा-सात मिनिटं लागतात.

पावलं ऐकून झाली की आयाळीत आणि शेपटीत पेंढा अडकलाय का ते बघते. अडकला असेल तर रात्री ती आडवी झाली होती. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. सांधे दुखणारी म्हातारी पोनी पुन्हा उठता येणार नाही या भीतीने आडवी होतच नाही. मग कधीतरी उभ्या-उभ्या झोप लागते आणि पुढचे गुडघे मोडून ती खाली जाते. हेदर तेवीस वर्षांची असताना तिच्या पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्याच्या पुढच्या बाजूला, रुपयाएवढ्या खपल्या दिसल्या. मला वाटलं दगडावर घासलं असेल, मी मलम लावत राहिले. महिन्याभराने पशुवैद्यांनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही झोपते का?" तिला मोठी जागा दिली, खाली जाड पेंढा अंथरला, सांध्यांवर औषध सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिच्या कपाळावरच्या केसांत पेंढ्याची काडी दिसली. मी ती काडी वहीत चिकटवून ठेवली आहे. त्या सगळ्या काळात तिच्यावर कुणीही बसलं नाही. न झोपलेल्या पोनीवर मूल बसवणं धोक्याचं आहे, ती पाठीवरच्या ओझ्यासकट कोसळू शकते.

मग चारही खुरांवर तळवा टेकवायचा. गार लागले पाहिजेत. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही कडांना, बोटांनी नाडी चाचपायची. निरोगी पोनीची ती जेमतेम लागते. ठणठण उडत असेल तर लॅमिनायटिसची शंका घ्यायची, म्हणजे खुराच्या आतल्या पडद्याची सूज. देशी पोनींचा हा मोठा वैरी. त्या वेळी फिरवायचं नाही, गवतावरून काढून मऊ जमिनीवर ठेवायचं आणि पशुवैद्यांना त्याच दिवशी बोलवायचं.

शेवटी जबड्याखालची नाडी, १५ सेकंद मोजून चारने गुणायची. हेदरची विश्रांतीतली ३६ असते. मोठ्या घोड्याची २८ ते ४४ मध्ये असते, छोट्या पोनीची जरा जास्त. तुमच्या पोनीचा आकडा तुम्हाला पाठ हवा, कारण स्वारीनंतर त्याच्याशीच तुलना करायची आहे.

काम किती

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. हेदर एकोणीसची असताना मी प्रेमापोटी तिला डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्ण सुट्टी दिली. कुरणात उभी, अंगावर पांघरूण, खायला भरपूर. मार्चमध्ये खोगीर ठेवलं तर ते पुढे झुकून बसलं, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस उतरलं होतं. पूर्वीचं अंग यायला जुलै उजाडला. तरुण घोड्याचे स्नायू लवकर परत येतात, म्हाताऱ्याचे गेले की फार कष्टाने येतात आणि काही येतच नाहीत. तेव्हापासून एकही आठवडा पूर्ण बसून काढलेला नाही. आजारपणातही, पशुवैद्यांची परवानगी असेल तर, दोर धरून दहा मिनिटं.

आताचा आठवडा असा: मंगळवार आणि गुरुवार अर्धा तास, शनिवारी पाऊण ते एक तास, रविवारी वीस मिनिटं. उरलेले दिवस पायी फिरणं. थंडीतल्या गोठलेल्या सकाळी सोडल्या तर चोवीस तास ती मोकळ्या कुरणात असते, आसरा उघडा असतो. रात्रभर बंद खोलीत उभी राहिलेली म्हातारी पोनी सकाळी दुप्पट आखडते, म्हणून दार बंद करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

स्वारीची पहिली पंधरा मिनिटं फक्त चालणं. लगाम सैल, मान खाली सोडू द्यायची. मग थोडी दुडकी, सरळ रेषेत. लहान वर्तुळं आम्ही बंद केली आहेत. दोरीवर गोल-गोल पळवणंसुद्धा बंद, कारण त्यात एका बाजूच्या सांध्यांवर सगळा पीळ पडतो. त्याऐवजी चढ. अॅस्कम फेल या डोंगरावर मूर डिव्हॉकच्या माळाकडे जाणारी हिरवळीची वाट हलक्या चढाची आहे. ती चालत चढणं हा तिच्या मागच्या पायांचा व्यायाम. उतरताना माझी लेक खाली उतरते आणि शेजारून चालते. पोनीचा भार आधीच पुढच्या पायांवर जास्त असतो, उतारावर तो आणखी वाढतो. कडक डांबरावर दुडकी नाही, चिखलात कुठेच घाई नाही.

उन्हाळ्यातल्या गरम दिवसांत स्वारी सकाळी लवकर. म्हातारा घोडा तरुणापेक्षा लवकर तापतो आणि सावकाश निवतो.

परत आल्यावर खोगीर काढलं की नाडी मोजायची, दहा मिनिटांनी पुन्हा मोजायची. हेदरची परतल्या-परतल्या ६० च्या आसपास असते आणि दहा मिनिटांत ४८ च्या खाली येते. एकदा ती दहा मिनिटांनीही ५६ होती. त्या दिवशी चढ नेहमीचाच होता, वेळही तितकीच. दोन दिवसांनी तिला खोकला सुरू झाला. आजाराचा सुगावा वहीतल्या आकड्याला आधी लागला होता.

पाठीवर किती वजन

याबाबत लोक संकोचतात, मी नाही संकोचत. माझं वजन ५८ किलो, खोगीर आणि बाकी सरंजाम ७ किलो. एकूण ६५, म्हणजे तिच्या वजनाच्या १८ टक्के. तरुण, धडधाकट फेल पोनीला ते झेपतं. हेदर बावीसची झाली तेव्हा मी तिच्यावर बसणं सोडलं. मला फार जड गेलं, कारण घोड्यावर मांड टाकायला मी तिच्याच पाठीवर शिकले होते. विशीनंतर खोगीर धरून १५ टक्क्यांच्या आत, ही माझी रेघ. ३६० चे १५ टक्के ५४, त्यातून ७ गेले की ४७ किलो. माझी लेक चौदा वर्षांची आहे, आज ४४ भरते. ४७ झाली की ती उतरेल, हे आमच्या घरात दोन वर्षांपूर्वीच ठरलंय. लेकीने स्वतः वहीच्या पुठ्ठ्यावर तो आकडा लिहून ठेवलाय.

मात्र पोनीचं वजन धरताना चरबी मोजून टक्केवारी वाढवू नका. पोट सुटलेल्या पोनीला जास्त ओझं पेलतं असं नाही, ती आधीच स्वतःचं ओझं वाहत असते. फासळ्या दिसू नयेत, पण बोटं फिरवली की सहज लागाव्यात.

खोगीर दर तीन-चार महिन्यांनी तपासून घ्या. पाठीचा आकार बदलत जातो, खांद्यामागे खळगे पडतात. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघा: दोन्ही बाजू सारख्या ओल्या हव्यात. मध्येच कोरडा ठिपका असेल तर तिथे दाब पडतोय.

दात आणि चारा

घोड्याचा दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतो, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावून तितकाच झिजतो. पण साठा मर्यादित असतो. पंचवीस-तिसाच्या सुमाराला काही दाढा संपतात, हलतात, पडतात. स्वारीच्या चर्चेत दात कुठून आले असं वाटेल, पण माझ्या पाहण्यातल्या म्हाताऱ्या पोनी पायांआधी दातांनी खचल्या. चावता आलं नाही की अंग उतरतं, अंग उतरलं की पाठ जाते, पाठ गेली की खोगीर संपलं.

पहिली खूण जमिनीवर सापडते. एका नोव्हेंबरात गवताच्या जाळीखाली मला ओल्या, हिरवट सुरळ्या दिसल्या, अंगठ्याएवढ्या जाड, सिगारीसारख्या वळलेल्या. हाताने सोडवून बघितल्या तर आत वाळल्या गवताच्या काड्या न चावलेल्या, अख्ख्या. हेदर तोंडात गवत घोळवून टाकून देत होती. दंतवैद्याला मागच्या दाढांमधली एक हलताना सापडली, ती काढली. तोपर्यंत मी वर्षातून एकदा दात दाखवत होते, आता सहा महिन्यांनी दाखवते. लीदही बघत जा. तीत लांब-लांब काड्या दिसल्या तर चावणं नीट होत नाही.

दिवसाचा कोरडा चारा वजनाच्या किमान दीड टक्का पोटात गेला पाहिजे. ३६० किलोच्या पोनीला ५.४ किलो. जो भाग लांब गवतातून जात नाही तो भिजवलेल्या गवताच्या गोळ्यांतून आणि मळी न घातलेल्या बीटच्या चोथ्यातून द्यायचा, लापशीसारखा मऊ करून, दिवसातून तीन-चार वेळा. एकदम मोठी चंदी देऊ नका. प्रथिनं चांगली हवीत, पाठीचं मांस टिकायला. साखर आणि धान्य मात्र कमी. देशी पोनीला धान्याची हौस परवडत नाही. या जाती थोड्यावर जगायला घडल्यात, समृद्ध कुरणात त्यांच्या रक्तातलं इन्शुलिन बिघडतं आणि थेट खुरांवर येतं. हेदर वसंतात आणि शरदात तोंडाला जाळीचं मुस्कं बांधून चरते. थंडीत रात्री दहिवर गोठलं आणि सकाळी लख्ख ऊन पडलं तर गवतात साखर साठलेली असते, म्हणून तेव्हा तिला उशिरा सोडते.

दुसरा आजार कुशिंगचा, ज्याला पशुवैद्य पीपीआयडी म्हणतात. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवरचा लगाम सुटतो. पंधरा वर्षांवरच्या साधारण पाच घोड्यांत एकाला होतो. जूनमध्येही हिवाळी केस न झडणं, डोळ्यांवरच्या खळग्यांत चरबी, पोट लोंबणं, पाणी जास्त पिणं, ही लक्षणं. हेदरला एकविसाव्या वर्षी निघाला. मे संपला तरी खराऱ्याखाली केसांचे पुंजके येत नव्हते, तेवढ्यावरून मी रक्त तपासायला सांगितलं. तेव्हापासून रोज परगोलाइडची गोळी, सफरचंदाच्या फोडीत खोचून. या आजारात लॅमिनायटिस पटकन होतो, म्हणून पंधराव्या वर्षानंतर शरद ऋतूत रक्ततपासणी चुकवू नका. त्या काळात तपासणीत मोजलं जाणारं संप्रेरक नैसर्गिकरीत्याच चढतं आणि प्रयोगशाळा त्याचा हिशोब धरून निकाल देते.

नालबंद सहा आठवड्यांनी. त्याला आधी सांगून ठेवा की पाय खाली धर आणि मध्ये-मध्ये सोड. संधिवात असलेल्या पोनीला मागचा पाय उंच धरून पाच मिनिटं उभं करणं म्हणजे छळ आहे. आमचा नालबंद आता गुडघ्यावर बसून तिचा पाय जमिनीपासून वीतभर उचलतो. खुराचं टोक थोडं गोल ठेवतो, म्हणजे पाऊल टाकायला कमी जोर लागतो.

वेदनाशामकाबद्दल: ब्यूट म्हणजे फेनिलब्युटाझोन सुरू करायचं तर पासपोर्टवर पोनी खाद्यसाखळीबाहेर असल्याची, म्हणजे तिचं मांस माणसांच्या खाण्यात जाणार नाही अशी नोंद हवी. पशुवैद्य ती बघतात. औषध घेऊन हलकी स्वारी चालेल का, हे त्यांनी ठरवायचं. मी एकच पाळते, जास्त काम करून घेण्यासाठी मात्रा वाढवायची नाही.

थांबायचं कधी

वर्षातून दोनदा पशुवैद्य हेदरचं हृदय ऐकतात. म्हाताऱ्या घोड्यांत महाधमनीची झडप गळण्याचं प्रमाण बरंच असतं, स्टेथोस्कोपमध्ये फुसफुस ऐकू येते. सौम्य असेल तर स्वारी चालू राहते. वाढली तर पळतानाचा ईसीजी काढून घ्यावा लागतो, कारण स्वाराखाली पोनी अचानक पडली तर दोघांचा जीव जाऊ शकतो. त्यात वाईट निघालं तर मी त्याच दिवशी थांबेन, एक शेवटची फेरीसुद्धा नाही.

बाकी खुणा हळूहळू येतात. सपाट जमिनीवर आठवड्यात दोनदा ठेच लागली. संध्याकाळी सावल्यांना बिचकायला लागली, म्हणजे डोळ्यांत मोतीबिंदू असू शकतो. तंग आवळताना कान मागे जातात, जे पूर्वी कधी होत नव्हतं. स्वारीनंतरचं आखडलेपण एका दिवसाऐवजी दोन दिवस राहिलं. यातलं काहीही झालं की मी आधी काम निम्मं करते आणि पशुवैद्यांना बोलावते. पंधरा दिवसांत पूर्ववत झालं तर ठीक, नाहीतर आता तेवढंच काम तिचं. गेल्या तीन वर्षांत असं दोनदा झालं. एकदा दौड गेली, एकदा शनिवारची दोन तासांची फेरी एकावर आली.

स्वारी बंद झाली तरी फिरणं बंद करू नका. खोगिराशिवाय, दोर धरून, त्याच वेळी, त्याच वाटेने. बरोबरचा सोबतीही बदलू नका. जिला अकरा वर्षं रोज सात वाजता कुणीतरी न्यायला येतं, तिला एका सोमवारी कुणीच आलं नाही तर ती फाटकाशी उभी राहते.

शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा मार्चपासून येतोय, २८ किलोचा. लेकीचा आकडा ४७ ला पोचला की तो रविवारची वीस मिनिटं बसेल, दोर माझ्या हातात. तोवर त्याला रोजची तपासणी शिकवतेय. कालच त्याला जबड्याखालची नाडी पहिल्यांदा सापडली. ओठ हलवत, श्वास रोखून त्याने पंधरा सेकंदांत नऊ मोजले, गुणाकार केला आणि वहीत ३६ लिहिलं.